टॅबलेटचं सॉफ्टवेअर बदलायचंय? मग सुरुवात वाय-फायपासून करा

नवा रॉम, म्हणजे टॅबलेटची अख्खी प्रणाली असलेलं सॉफ्टवेअर, टाकून टॅबलेट सुरू होतो. पडदा लख्ख उजळतो, सगळं आधीपेक्षा चपळ वाटतं. मग सेटिंग्जमध्ये जाऊन वाय-फायचं बटण दाबावं, तर ते क्षणभर सरकतं आणि आपोआप मागे येतं. पुन्हा दाबलं तरी तेच. ज्या टॅबलेटला सिमकार्डाची खाचच नाही, त्याचं वाय-फाय गेलं की सगळंच अडतं. ॲप उतरवता येत नाही, अपडेट येत नाही, उपाय शोधायलासुद्धा दुसरं यंत्र हातात घ्यावं लागतं.

सॉफ्टवेअर बदलण्याची चर्चा निघाली की बूटलोडर, रिकव्हरी, रूट हेच शब्द पुढे येतात. वाय-फायचं नाव शेवटी निघतं, ‘ते नंतर जोडून घ्या’ एवढंच. मला हा क्रम पटत नाही. टॅबलेटचे जे भाग चालवायला उत्पादकाच्या बंद फाइलींशिवाय इलाज नसतो, त्यात वाय-फाय फार वरच्या क्रमांकावर आहे. म्हणून बदलाचा विचार तिथूनच सुरू व्हायला हवा. आधी रॉम म्हणजे नक्की काय बदलतं ते पाहू, मग वाय-फाय कशाकशावर उभं असतं ते, आणि मग प्रत्यक्ष जोडणी.

रॉम बदलतो म्हणजे काय बदलतं

अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे. गूगलने अँड्रॉइड घडवणारी कंपनी २००५ साली विकत घेतली, पहिला अँड्रॉइड फोन २००८ मध्ये बाजारात आला आणि त्याच्या पुढच्याच वर्षी सायनोजेनमॉड नावाचा, हौशी लोकांनी घडवलेला पर्यायी रॉम सुरू झाला. २०१६च्या अखेरीस तो बंद पडला तेव्हा त्याच कोडवरून लिनिएजओएस उभा राहिला. जुन्या टॅबलेटसाठी आजही बहुतेक जण सगळ्यात आधी तिथेच शोधतात.

टॅबलेटच्या बाबतीत या हौसेचा सगळ्यात बोलका दाखला म्हणजे एचपीचा टचपॅड. जुलै २०११ मध्ये तो वेबओएस ही वेगळीच प्रणाली घेऊन आला आणि ऑगस्टमध्येच कंपनीने त्याचं उत्पादन थांबवलं. उरलेला माल ९९ डॉलरपासून विकला गेला आणि हातोहात संपला. त्याच ऑक्टोबरमध्ये त्याच्यावर अँड्रॉइड चालवणारा पहिला कच्चा सायनोजेनमॉड लोकांच्या हाती आला. कंपनीने वाऱ्यावर सोडलेलं यंत्र वापरणाऱ्यांनी पुढे कित्येक वर्षं जिवंत ठेवलं. चांगला पडदा, धडधाकट बॅटरी असलेला टॅबलेट केवळ अपडेट थांबली म्हणून कचऱ्यात जावा हे मला खरोखर खुपतं, आणि हा सगळा खटाटोप करण्यासारखा वाटतो तो त्यामुळेच.

टॅबलेटच्या आतली साठवण वेगवेगळ्या पार्टिशनमध्ये वाटलेली असते. ‘बूट’ पार्टिशनमध्ये कर्नल असतो, म्हणजे हार्डवेअरशी थेट बोलणारा लिनक्सचा गाभा. ‘सिस्टम’मध्ये अँड्रॉइड स्वतः. ‘व्हेंडर’मध्ये त्या विशिष्ट यंत्राच्या चिपसाठी लागणाऱ्या फाइली. ‘यूजरडेटा’मध्ये तुमचे फोटो, ॲप, सगळा संसार. रॉम फ्लॅश करतो, म्हणजे साठवणीत लिहितो, तेव्हा साधारणपणे बूट आणि सिस्टम नवं लिहिलं जातं. यूजरडेटा पुसावा लागतो. बाकीच्या पार्टिशनला हात लागतोही, नाहीही; ते रॉमवर आणि यंत्राच्या वयावर ठरतं.

रूट करणं ही यापासून वेगळी गोष्ट आहे, दोन्हींची सरमिसळ फार होते. रूट म्हणजे आहे त्याच प्रणालीत सर्वाधिकार मिळवणं. रॉम बदलायला रूट लागत नाही आणि वाय-फाय जोडायला तर मुळीच लागत नाही. गरज नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

वाय-फायचे तीन आधार

वाय-फायच्या चिपला चालू व्हायला तीन गोष्टी लागतात आणि तिन्ही एकमेकींशी जुळाव्या लागतात.

पहिला ड्रायव्हर. हा कर्नलचा भाग असतो किंवा कर्नलला जोडला जाणारा वेगळा तुकडा. वेगळा तुकडा असेल तर तो ज्या कर्नलसाठी बांधला त्याच्याशीच जमतो. आवृत्ती जरा वेगळी असली तरी कर्नल त्याला दारातच अडवतो. अँड्रॉइडचा कर्नल लिनक्सचा असल्यामुळे जीपीएल परवान्याखाली येतो, म्हणजे यंत्र विकणाऱ्याने त्याच्या कर्नलचा कोड मागणाऱ्याला द्यायलाच हवा. सगळे उत्पादक हे पाळत नाहीत, आणि ज्यांनी पाळलं नाही त्यांच्या टॅबलेटसाठी चांगला रॉम सहसा मिळत नाही. टॅबलेट घेतानाच हे पाहून ठेवणारा माणूस पुढे सुखी राहतो.

दुसरं फर्मवेअर. चिपच्या आत स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्याला स्वतःचा प्रोग्रॅम लागतो. बहुतेक टॅबलेटमध्ये हा प्रोग्रॅम चिपमध्ये कायमचा भरलेला नसतो. वाय-फाय चालू केलं की दर वेळी ड्रायव्हर तो साठवणीतून उचलतो आणि चिपमध्ये ओततो. याचा कोड खुला नसतो, फक्त तयार फाइल मिळते. रॉम बांधणारे लोक ती फाइल मूळ रॉममधून उचलून आपल्या रॉममध्ये ठेवतात. तिचं नाव किंवा जागा एका अक्षराने चुकली, की सुरुवातीला सांगितलेलं बटण मागे येतं.

तिसरं कॅलिब्रेशन, आणि याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन चिपसुद्धा रेडिओलहरी सोडताना किंचित वेगळ्या वागतात. त्या चिपला किती जोर द्यायचा, कुठल्या वारंवारतेवर किती सुधारणा करायची याचे आकडे एका लहानशा फाइलीत असतात, आणि बऱ्याच यंत्रांत ते कारखान्यात मोजून लिहिलेले असतात. चष्म्याच्या नंबरासारखंच हे आहे, फ्रेम सारखी असली तरी नंबर ज्याचा त्याचा. त्याच्या शेजारीच सहसा मॅक पत्ताही लिहिलेला असतो, म्हणजे त्या वाय-फाय चिपची ४८ बिटांची ओळख.

ही माहिती कुठे असते ते चिपवर अवलंबून आहे. क्वालकॉमच्या यंत्रांत बहुधा ‘परसिस्ट’ नावाच्या पार्टिशनमध्ये, सॅमसंगकडे ‘ईएफएस’मध्ये, मीडियाटेकच्या यंत्रांत ‘एनव्हीरॅम’मध्ये. मीडियाटेकच्या टॅबलेटवर फ्लॅश करताना ‘सगळं फॉरमॅट करा’ हा पर्याय निवडला, की हे पार्टिशनही पुसलं जातं. मग वाय-फायच्या यादीत आजूबाजूच्या नेटवर्कांबरोबर एक विचित्र नाव दिसायला लागतं: ‘एनव्हीरॅम वॉर्निंग: ईआरआर = ०एक्स१०’. हे कुणाचं नेटवर्क नव्हे. कॅलिब्रेशन सापडत नाही हे सांगायला दुसरी जागा नाही म्हणून यंत्राने ते नेटवर्कांच्या यादीत लिहिलेलं असतं. अशा वेळी सिग्नल दुबळा होतो आणि मॅक पत्ताही जागेवर राहत नाही. दुसऱ्या कुणाच्या टॅबलेटचं एनव्हीरॅम आणून टाकलं तर नाव नाहीसं होतं खरं, पण आकडे दुसऱ्याच चिपचे आणि पत्ताही दुसऱ्याचाच. दोन्ही टॅबलेट एकाच घरात आले तर राउटरचा गोंधळ उडतो.

म्हणून फ्लॅश करण्याआधी एकच काम करायची सवड असेल तर ते हे करा. परसिस्ट, ईएफएस किंवा एनव्हीरॅम, जे तुमच्या यंत्रात असेल त्याचा बॅकअप घ्या आणि तो टॅबलेटमध्ये न ठेवता संगणकावर ठेवा. टीडब्ल्यूआरपीसारख्या रिकव्हरीत, म्हणजे अँड्रॉइड सुरू न करता दुरुस्ती आणि फ्लॅश करायच्या छोट्या प्रणालीत, बॅकअपच्या यादीत हे पार्टिशन वेगळं दिसतं. फोटो पुन्हा काढता येतील, ॲप पुन्हा टाकता येतील. ही फाइल इंटरनेटवर कुठेही मिळणार नाही, कारण ती जगात फक्त तुमच्या टॅबलेटमध्ये आहे.

२०१७ साली अँड्रॉइड ८ बरोबर आलेल्या प्रोजेक्ट ट्रेबलने इथे मोठा फरक पाडला. चिपशी संबंधित सगळ्या फाइली व्हेंडर पार्टिशनमध्ये वेगळ्या ठेवायच्या आणि अँड्रॉइडने त्यांच्याशी ठरलेल्या पद्धतीनेच बोलायचं, असा नियम झाला. त्यामुळे नव्या टॅबलेटवर सिस्टम बदललं तरी वाय-फायच्या फाइली आपल्या जागी शाबूत राहू शकतात. पण यातून एक नवी अट आली. कित्येक रॉम ‘आधी मूळ प्रणाली अमुक आवृत्तीपर्यंत अपडेट करून घ्या’ असं सांगतात. ती ओळ वगळली तर नवं सिस्टम आणि जुनं व्हेंडर यांचं पटत नाही, आणि पहिला बळी सहसा वाय-फाय, ब्लूटूथ किंवा कॅमेरा असतो.

कुलूप उघडण्याआधी

टॅबलेट सुरू होताना सगळ्यात आधी बूटलोडर जागा होतो आणि पुढचं सॉफ्टवेअर उत्पादकाच्या सहीचं आहे का ते तपासतो. सही जुळली नाही तर तो पुढे जाऊ देत नाही. ही अडवणूक वाटते, पण चोरलेल्या टॅबलेटमध्ये भलतंच सॉफ्टवेअर घालून तुमचा डेटा वाचता येऊ नये हाही तिचा हेतू आहे. म्हणूनच बूटलोडर अनलॉक केला की यूजरडेटा पूर्ण पुसला जातो.

अनलॉक करायची नेहमीची वाट अशी: सेटिंग्जमध्ये ‘टॅबलेटविषयी’ या पानावर बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात. तिथे ‘ओईएम अनलॉकिंग’ आणि ‘यूएसबी डीबगिंग’ चालू करायचं. मग यूएसबी केबलने संगणकाला जोडून, टॅबलेट बूटलोडरमध्ये नेऊन ‘फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक’ ही आज्ञा द्यायची. जुन्या यंत्रांवर ‘फास्टबूट ओईएम अनलॉक’. काही उत्पादक त्यासाठी वेगळा कोड मागतात, सॅमसंगची पद्धत निराळी आहे, आणि काही उत्पादक ही सोयच देत नाहीत. ‘ओईएम अनलॉकिंग’ हा पर्याय मुळात दिसतच नसेल तर पुढची वाट फार खडतर आहे असं समजा.

यात काय गमावतो तेही स्पष्ट माहीत हवं. अनलॉक केलेल्या यंत्रावर बँकेची काही ॲप चालायला नकार देतात. चित्रपट-मालिका दाखवणारी ॲप बऱ्याचदा कमी दर्जाचं चित्र देतात, कारण वाइडवाइन ही संरक्षणप्रणाली वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर घसरते. टॅबलेट मुख्यतः सिनेमे पाहण्यासाठी असेल तर माझा सल्ला थांबण्याचा आहे.

यंत्राचं सांकेतिक नाव तपासायचं तेही वाय-फाय डोळ्यांसमोर ठेवूनच. नेक्सस ७ हे एकच नाव चार वेगळ्या टॅबलेटना होतं. २०१२चा फक्त वाय-फायवाला ‘ग्रूपर’ आणि मोबाइल नेटवर्कवाला ‘तिलापिया’, २०१३चा वाय-फायवाला ‘फ्लो’ आणि मोबाइल नेटवर्कवाला ‘डेब’. खोक्यावर सगळीकडे नेक्सस ७च लिहिलेलं, पण एकाचा रॉम दुसऱ्यावर टाकायचा नसतो. मॉडेल क्रमांकाचं शेवटचं अक्षरसुद्धा ताडून घ्या. आणि रॉमच्या माहितीत ‘काय चालत नाही’ ही यादी असते, ती ‘काय चालतं’च्या आधी वाचा. त्यात वाय-फायचं नाव असेल तर तो रॉम कितीही नवा असला तरी तुमच्यासाठी नाही.

फ्लॅश करणं स्वतः, इतकी तयारी झाल्यावर, फार वेळाचं काम नाही. बॅटरी निम्म्याच्या वर असावी, उतरवलेल्या फाइलीचा शा-२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी आली का हे सांगणारा) जुळवून पाहावा, चांगली केबल वापरावी. रॉम, गूगलची ॲप हवी असतील तर त्यांचं पॅकेज आणि मूळ रॉम अशा तिन्ही फाइली आधीच संगणकावर उतरवून ठेवा. रिकव्हरीतल्या ‘एडीबी साइडलोड’ने (एडीबी म्हणजे संगणकावरून टॅबलेटला आज्ञा देणारं साधन) त्या केबलवरून टॅबलेटमध्ये जातात, त्यामुळे वाय-फाय चालू नसलं तरी काही अडत नाही. गूगलची ॲप रॉमपाठोपाठ, टॅबलेट पहिल्यांदा सुरू करण्याआधीच टाकायची असतात. आणि परका रॉम आत असताना बूटलोडर पुन्हा लॉक करायच्या भानगडीत पडू नका, टॅबलेट सुरूच न होण्याची ती हमखास वाट आहे. कुलूप परत लावायचं तर आधी मूळ रॉम पूर्णपणे बसवावा.

बटण मागे येतं तेव्हा

केबल जोडा आणि संगणकावरून टॅबलेटची नोंदवही वाचा. ‘एडीबी लॉगकॅट’ अँड्रॉइडच्या नोंदी दाखवतं आणि ‘डीमेसेज’ कर्नलच्या. दुसऱ्याला काही रॉमवर रूट लागतं. नोंदी चालू ठेवून वाय-फायचं बटण एकदा दाबा आणि त्या क्षणी काय उमटतं ते पाहा. एखाद्या फर्मवेअर फाइलचं नाव आणि त्यापुढे ‘फेल्ड विथ एरर -२’ असं दिसलं, तर दुखणं सापडलं. लिनक्समध्ये उणे दोन म्हणजे ‘अशी फाइल नाही’. ड्रायव्हर ठीक आहे, चिपही जिवंत आहे, फक्त तिचा प्रोग्रॅम ठरलेल्या जागी नाही. त्याऐवजी ‘व्हर्जन मॅजिक’ जुळत नाही अशी ओळ आली, तर ड्रायव्हरचा तुकडा आणि कर्नल वेगवेगळ्या बांधणीचे आहेत; बहुधा रॉम टाकल्यावर कुणीतरी सुचवलेला वेगळा कर्नल वरून घातलेला असतो. तो काढून रॉमचाच कर्नल परत टाकला की काम होतं.

नोंदींतल्या या दोन-चार ओळी शोधून काढल्या तर मदत मागणं फार सोपं होतं. ‘वाय-फाय चालत नाही’ एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही, फाइलचं नाव आणि आकडा दिला की जाणकार माणूस लगेच बोट ठेवतो.

वाय-फाय चालू होतं, पण आपलं नेटवर्क दिसत नाही

शेजारची नेटवर्कं दिसतात आणि आपलंच दिसत नाही, फोनवर मात्र दिसतं. लोक इथे फर्मवेअरला दोष देऊन पुन्हा फ्लॅश करतात. आधी चॅनल तपासा.

२.४ गिगाहर्ट्झच्या बँडमध्ये पहिलं चॅनल २४१२ मेगाहर्ट्झवर असतं आणि पुढचं प्रत्येक ५ मेगाहर्ट्झ वर, म्हणजे तेरावं २४७२वर. जगातल्या बहुतेक देशांत १ ते १३ चालतात, अमेरिकेत राउटर आणि टॅबलेट ११पर्यंतच थांबतात. टॅबलेट कुठल्या देशाचे नियम पाळायचे हे देशाच्या कोडवरून ठरवतो. रॉम बांधणाऱ्याने अमेरिकेचा कोड ठेवलेला असला आणि तुमच्या राउटरने स्वतःच्या मर्जीने १२ किंवा १३ निवडलं, तर टॅबलेट त्या चॅनलवर ऐकतच नाही. त्याच्या लेखी तुमचं नेटवर्क अस्तित्वातच नाही. सिमकार्ड असलेली यंत्रं देश मोबाइल नेटवर्कवरून ओळखू शकतात, वाय-फायवाल्या टॅबलेटला ती सोय नाही. उपाय सोपा: राउटरमध्ये चॅनल ‘ऑटो’ वरून काढून १, ६ किंवा ११ करा. एक चॅनल साधारण २० मेगाहर्ट्झची जागा व्यापतं, त्यामुळे हीच तीन एकमेकांच्या अंगावर न येता राहतात.

५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसत नसेल तर टॅबलेटमध्ये तो रेडिओ आहे का हेच आधी पाहा. २०१२च्या नेक्सस ७मध्ये नव्हता, २०१३च्यात आहे. कुठलाही रॉम नसलेला रेडिओ आणून देत नाही. रेडिओ असेल तर चॅनल पाहा. ५२ ते १४४ या चॅनलांवर हवामान आणि इतर रडारांचा पहिला हक्क असतो, म्हणून राउटरला तिथे बोलायला सुरुवात करण्याआधी किमान ६० सेकंद ऐकत थांबावं लागतं. राउटर नुकताच बंद-चालू केला असेल तर एवढा धीर धरा. टॅबलेट तरीही रुसला तर ३६ ते ४८ मधलं चॅनल देऊन पाहा.

नेटवर्कचं नाव लपवून ठेवायची सवय काहींना असते. लपवलेलं नेटवर्क टॅबलेटमध्ये हाताने भरावं लागतं, नावातलं लहान-मोठं अक्षरसुद्धा जुळावं लागतं, आणि मग टॅबलेट जाईल तिथे ‘अमुक नेटवर्क आहे का?’ असं स्वतःच विचारत फिरतो. सुरक्षा वाढत नाहीच, उलट नाव जगजाहीर होतं. लपवू नका.

पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडलं जात नाही

वाय-फायचा पासवर्ड हवेतून कधीच पाठवला जात नाही, आणि हे समजलं की बरीच कोडी सुटतात. डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या सुरक्षा प्रकारात टॅबलेट आणि राउटर दोघंही आपापल्या जागी पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घेऊन ४०९६ वेळा गणिताच्या घाण्यातून काढतात, त्यातून २५६ बिटांची किल्ली निघते. मग चार निरोपांच्या देवाणघेवाणीत दोघं एकमेकांना किल्ली न दाखवता ती सारखीच असल्याची खात्री पटवतात. किल्लीत नेटवर्कचं नावही मिसळलेलं असतं, म्हणून राउटरचं नाव बदललं आणि पासवर्ड तोच ठेवला तरी किल्ली नवी होते. पासवर्डाच्या शेवटी चुकून पडलेली एक मोकळी जागासुद्धा किल्ली पूर्ण बदलते. ‘पासवर्ड दाखवा’वर टिचकी मारून तो डोळ्यांनी वाचा.

पासवर्ड खरंच बरोबर असेल तर राउटरचा सुरक्षा प्रकार बघा. डब्ल्यूपीए३ हा त्यानंतरचा प्रकार २०१८ची गोष्ट, अँड्रॉइडमध्ये ती आवृत्ती १०पासून आली. त्याआधीचं यंत्र फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलेल्या राउटरला जोडलं जाणार नाही. राउटरमध्ये ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र पर्याय असतो तो निवडा, त्यानेही जमलं नाही तर डब्ल्यूपीए२ आणि त्यात एईएस ही सांकेतिकीकरणाची पद्धत. टीकेआयपी ही जुनी पद्धत नको, त्याने वेग ५४ मेगाबिटच्या वर जाऊ शकत नाही. डब्ल्यूईपी हा सगळ्यात जुना सुरक्षा प्रकार तर कुठल्याच कारणाने नको. ते २००१ सालीच फोडता येतं हे सिद्ध झालं आहे. तुमचा टॅबलेट त्याशिवाय काही जाणतच नसेल तर त्याला इंटरनेटपासून दूर ठेवलेलंच बरं.

सॉफ्टवेअर बदलण्याचं एक भक्कम कारण इथेच आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये मॅथी व्हॅनहोफ या संशोधकाने ‘क्रॅक’ नावाचा हल्ला जाहीर केला. वर सांगितलेल्या चार निरोपांपैकी तिसरा निरोप पुन्हा पुन्हा पाठवून वापरात असलेली किल्ली नव्याने बसवायला लावायची, हे त्याचं मर्म. अँड्रॉइड ६ आणि त्यानंतरच्या तेव्हाच्या यंत्रांवर परिणाम सगळ्यात वाईट होता, त्यांत सगळे शून्य असलेली किल्ली बसायची. राउटर बदलून हे भरून निघत नाही, दुरुस्ती टॅबलेटमध्येच व्हावी लागते. ज्यांच्या उत्पादकाने त्याआधीच अपडेट थांबवली, त्या टॅबलेटना ती दुरुस्ती मिळते ती अशा पर्यायी रॉममधूनच.

राउटरमध्ये मॅक पत्त्यांची यादी करून ‘फक्त हीच यंत्रं आत’ असं ठेवलं असेल, तर रॉम बदलल्यावर टॅबलेट बाहेर राहील. अँड्रॉइड १०पासून प्रत्येक नेटवर्कसाठी बनावट, यादृच्छिक मॅक पत्ता वापरला जातो. पत्त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो असा तयार केलेला आहे. त्या नेटवर्कच्या तपशिलात जाऊन ‘यंत्राचा मॅक वापरा’ निवडलं की जुनी ओळख परत मिळते. घरच्या नेटवर्कवर तसं करायला हरकत नाही, बाहेर मात्र बनावट पत्ताच असू द्या.

जोडलं गेलं, पण इंटरनेट नाही

‘आयपी पत्ता मिळवत आहे’वर टॅबलेट अडून बसला तर राउटरशी डीएचसीपीचं, म्हणजे पत्ता मागण्या-देण्याचं, बोलणं पूर्ण होत नाहीये. टॅबलेट ‘कुणी पत्ता देता का’ विचारतो, राउटर एक देऊ करतो, टॅबलेट तो मागतो, राउटर होकार देतो. राउटरकडचे पत्ते संपले असले तर हे दुसऱ्याच पायरीला थांबतं. तात्पुरता उपाय म्हणून पत्ता हाताने भरता येतो: राउटर १९२.१६८.१.१ असेल तर टॅबलेटला १९२.१६८.१.२५० सारखा, राउटर ज्या मर्यादेत पत्ते वाटतो त्याबाहेरचा. गेटवे म्हणून राउटरचाच पत्ता. प्रीफिक्सची लांबी २४. त्याच मर्यादेतला पत्ता भरला तर एके दिवशी तोच दुसऱ्या यंत्राला वाटला जाईल आणि दोघंही अधूनमधून तुटत राहतील.

पत्ता मिळाला, पट्ट्याही भरल्या, तरी चिन्हावर उद्गारवाचक खूण. ही खूण टॅबलेट कशावरून काढतो? जोडलं गेल्यावर तो गूगलच्या एका ठरावीक पत्त्याला विनंती पाठवतो आणि उत्तरात २०४ हा आकडा अपेक्षितो, ज्याचा अर्थ ‘पोचलं, मजकूर काही नाही’. २०४ऐवजी दुसरंच पान आलं तर आधी लॉगिन करायचं नेटवर्क आहे असं तो समजतो. काहीच आलं नाही तर इंटरनेट नाही. त्यामुळे राउटरवर गूगलचे पत्ते अडवलेले असतील, तर बाकी सगळं चालत असूनही खूण दिसू शकते.

डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणारी सेवा. अँड्रॉइड ९पासून आलेलं ‘प्रायव्हेट डीएनएस’ हेही पाहण्याची जागा आहे. तिथे एखाद्या सेवेचं नाव हाताने भरलेलं असेल आणि राउटर ८५३ क्रमांकाचं पोर्ट अडवत असेल, तर एकही नाव सुटत नाही, एकही पान उघडत नाही. ते ‘स्वयंचलित’वर आणून पाहा.

आणि घड्याळ. फ्लॅश केल्यावर तारीख कित्येकदा मागे जाते. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं टॅबलेटला ‘अजून लागू न झालेली’ वाटतात आणि एकेक पान नकार देतं. हाताने तारीख-वेळ लावली की सगळं एकदम सुरू होतं.

तारीख बरोबर असूनही जुन्या टॅबलेटवर निम्मी संकेतस्थळं ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणत असतील, तर कारण वाय-फायपलीकडचं आहे. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था असंख्य संकेतस्थळांना मोफत प्रमाणपत्रं देते. तिच्या स्वतःच्या मूळ प्रमाणपत्राची ओळख अँड्रॉइडला आवृत्ती ७.१.१पासूनच आहे. त्याआधीच्या यंत्रांसाठी दुसऱ्या संस्थेच्या सहीचा आधार दिला होता, तो ३० सप्टेंबर २०२४ला संपला. ७.१.१च्या वरचा रॉम मिळत असेल तर तो टाकताच ही अडचण मिटते, कारण विश्वासू संस्थांची नवी यादी त्याच्याबरोबरच येते. रॉम मिळतच नसेल तर त्या अँड्रॉइडवर चालणारी फायरफॉक्सची आवृत्ती शोधा. फायरफॉक्स प्रणालीच्या यादीवर विसंबत नाही, स्वतःची यादी बरोबर घेऊन येतो, त्यामुळे निदान वाचन तरी सुरू राहतं. बाकीची ॲप मात्र प्रणालीचीच यादी पाहतात, त्यांना याचा उपयोग नाही.